नोरा म्हणाली, मीच सुरेखा

—तुम्ही आत 'आई गं' म्हणालात ना, तेव्हाच ओळखलं मी, मराठी बाई! मास्क असला म्हणून काय झालं, सुई टोचली की माणूस आपल्याच भाषेत ओरडतो. बसा की इथं. पंधरा मिनिटं बसवून ठेवतात, कुणाला चक्कर येते का बघायला. मला कसली येतेय चक्कर, सकाळी नोराची अंघोळ, नोराचं पॉरिज, सगळं उरकून आलेय मी— नोरा म्हणजे माझी आयरिश म्हातारी, इथं जवळच सँडीफोर्डला तिच्या घरीच राहते मी, तिला सांभाळायला. मी सुरेखा, इचलकरंजीची. तुम्ही ऑनलाइन नाव घातलंत का लशीला? मी फोनवरून. त्यांना तो सरकारी ओळखीचा नंबर लागतो ना, तो माझ्याकडे नाहीये— म्हणजे आहे, सापडत नाहीये. प्रेसमध्ये पडला असेल कुठंतरी. बघा, कपाटाला प्रेस म्हणायला लागले मी, नोराच्या नादानं. तुम्ही काय करता? कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात, शिफ्ट ड्यूटी— म्हणून आपल्या मराठी मंडळात दिसला नाहीत कधी. मी असते गणपतीत, आत मोदकांवर.

मी पण आता धंद्यात पडलेय. हसू नका, बिझनेस म्हणतेय मी! आम्ही सहा जणी आहोत, सगळ्या केअरर्स, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या. राहायचं त्यांच्याच घरी, त्यामुळं सुट्टी म्हणून कुणाला नाहीच. मी म्हटलं, आपणच एकमेकींच्या जागी उभं राहायचं— आज तू जा, तुझ्या म्हाताऱ्याला मी बघते— आणि बाहेरच्यांनाही अशी बदली बाई द्यायची, रीतसर, ट्रेनिंग घेऊन. सुट्टीची कंपनी! त्याला ग्रँट मिळाली आम्हाला, छोटीशीच, समाजात काही बदल घडवणाऱ्या धंद्यांना देतात, कागद नसलेल्या परदेशी लोकांच्या— म्हणजे त्या बाकीच्या पाच जणींकडे नाहीत हो. मी आपली त्यांच्या मदतीला... असं बघू नका. बरं, नाहीत माझ्याकडेही. झालं? एका डॉक्टरांची जुळी सांभाळायला आले होते, ते गेले इंग्लंडला, माझा व्हिसा संपला, आणि पोराचं इंजिनिअरिंग तर अर्ध्यात. राहिले. कुणाला बोलू नका हां, मंडळात तर मुळीच नाही. पोलिसांची भीती वाटत नाही एवढी मंडळाची वाटते. इथं कुणी शिंकलं की संध्याकाळच्या आत इचलकरंजीला कळतं. आणि माझ्या पोराला, विशालला, मी सांगितलंय, मालकीण खडूस आहे, रजाच देत नाही, कशी येऊ? सहा वर्षं झाली, खडूस आहे बिचारी.

तर ग्रँटचा इंटरव्ह्यू होता, झूमवर, लॉकडाउनातच. नोराच्या किचनमध्ये लॅपटॉप मांडला, चांगली साडी नेसले, आणि व्हिडिओ चालू करणार तोच स्क्रीनवर बघते तर— दोन आयरिश बायका आणि तिसरा कोण? आपल्या मंडळाचा अध्यक्ष! तो सतीश! चेरीवूडच्या ऑफिसातला, माईक हातात आला की आरती थांबवून भाषण करणारा. धंद्याचा सल्लागार म्हणून बोलावलेला म्हणे. ह्याला कळलं म्हणजे मंडळाला कळलंच! नोरा शेजारी चहा पीत बसलेली. तिची खुर्ची धरली, सरकवली कॅमेऱ्यासमोर, म्हटलं नोरा, आता तूच सुरेखा, आणि मी गेले टेबलाखाली. नोरा काय म्हणाली असेल? 'ग्रँड!' म्हणजे झकास, एका शब्दात. नव्वदीची बाई, निळे डोळे, पांढरे केस, त्या विचारतायत, आर यू सुरेखा? आणि ही म्हणतेय, मीच की सुरेखा, दुसरी कोण!

पुढचं ऐका तर. त्यांनी विचारलं धंदा कसला. मी खालून कुजबुजले, केअरर्स. नोराला कानानं कमी, ती म्हणाली, बेकर्स. त्या बायका म्हणाल्या, हाऊ लव्हली, काय काय बेक करता? म्हटलं गेली आता ग्रँट ब्रेडच्या भावात. मी ओरडलेच, अगं बाई, केअरर्स, केअरर्स! नोरा म्हणाली, आमची मांजर आहे ती. आणि सतीश? असा बावळट माणूस बघितला नाही मी! समोर ढळढळीत गोरी म्हातारी दिसतेय, टेबलाखालून मराठी येतंय, आणि हा त्या बायकांना सांगतोय, माझ्याकडे नेटवर्क खराब आहे, चित्र दिसत नाही, आवाज मात्र छान येतोय, चालू द्या. एवढा शिकलेला— अहो, तुम्हाला घाम येतोय का? नर्सला बोलवू? नको? बरं.

शेवटी त्यांनी विचारलं, तुम्हाला स्वतःला कशाला हवी सुट्टी? मी खालून काही बोलायच्या आत नोरा सुरू झाली. म्हणाली, माझा मुलगा आहे इंडियात. त्याला मी फोनवर सांगते, माझी मालकीण दुष्ट आहे. मालकिणीला ती भाषा येत नाही, पण शिव्या कुणाला बसतायत ते कळतं तिला. तिची काही हरकत नाही. फोन ठेवल्यावर मी सिंकचा नळ मोठा सोडून उभी राहते, तेव्हा ती मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवते... मास्कची वाफ जाते हो डोळ्यात. मला वाटायचं, तिला टीव्हीच ऐकू येत नाही.

मिळाली ग्रँट. आमची ब्राझीलची एक आहे, पहिल्या सुट्टीला ब्रेला गेली समुद्र बघायला, आणि दिवसभर बाकावर झोपून परत आली. म्हणाली, असला समुद्र जन्मात बघितला नाही!

काय? सतीश काय? तुमचे— घरचे? नवरा?

अहो, आधी नाही का सांगायचं! बावळट म्हणजे... मी आपली सहज— तुम्हाला माहीतच असेल मग सगळं, घरी येऊन सांगितलं असेल, हसले असाल दोघं. नाही? काहीच नाही? मीटिंग संपल्यावर ते डोळे पुसत बाहेर आले, आणि तुम्ही विचारलंत काय झालं, तर म्हणाले, नेटवर्क खराब होतं? एवढंच? तुम्हालाही नाही सांगितलं?

ती नर्स बघा तुम्हाला खुणावतेय, झाली तुमची वेळ. जा तुम्ही. मी बसते जरा. नाही हो, चक्कर नाही. घरी गेलात की त्यांना... नको, काही सांगू नका. जा.