मान हलली होती

पेट्रोलच्या रांगेत पुढच्या स्कूटरवरचं जोडपं हेल्मेट काढून भांडत होतं. त्यांच्या मागे मोटरसायकलवर थांबलेल्या शिंप्याचे कान आपोआप टवकारले.

"मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती झाल्यापासून तुझं बोलणं मला ओ की ठो कळत नाही."

"परवा सिग्नलला विचारलं, तेव्हा मान हलवलीत की!"

"हेल्मेट डोळ्यांवर येत होतं म्हणून हलवली. काय विचारलंस?"

"दोन वर्षांसाठी बदली घेऊ का? एकटीच राहीन तिकडे."

"मग?"

"सही करून आले."

"अगं, असलं काही रस्त्यात विचारतात?"

"मग कुठे? दिवसातून ही वीस मिनिटंच काय ती आपण एकत्र असतो."

रांग पुढे सरकली. शिंप्याने हॉर्न वाजवला नाही.

"आता नीट ऐकू येतंय ना? सांगा, जाऊ?"

नवऱ्याने हेल्मेट चढवलं आणि काच खाली ओढली.