एक फुटाची पट्टी

प्रबुद्ध : आत्या, ती खुंटी दे इकडं.

मुक्ताबाई : न्हाई देत.

प्रबुद्ध : अगं, अकराला मोजणीवाले येणार आहेत. एक खुंटी हलली तर सगळी लाईन परत काढावी लागती. सकाळपासनं चार माणसं राबल्यात इथं.

मुक्ताबाई : राबू देत. तुझ्या बाकीच्या खुंट्या जागच्या जागी हायत, एकीला हात लावला न्हाई मी. मला हिचंच इचारायचंय. ही हितं का ठोकली हुती?

प्रबुद्ध : इथं रस्ता संपतो म्हणून.

मुक्ताबाई : रस्ता हितं संपतुया. आन आपल्या वस्तीची हद्द कुठाय?

प्रबुद्ध : तो दगड.

मुक्ताबाई : त्यो दगड. आता नीट बघ. टाच ठेवली खुंटीच्या भोकावर. अंगठा लागला दगडाला. एक पाऊल. तुझा तीस फुटी रस्ता डांबरीपासनं हितवर चालत आला, आन शेवटच्या एका पावलाला दमला व्हय रं?

प्रबुद्ध : हळू बोल. माणसं ऐकतायत.

मुक्ताबाई : ऐकू देत की! जयंतीला विहाराफुडं माईकवरनं बोलत हुतास, तवा न्हाई म्हणालास हळू बोला म्हणून. नकाशा दोन्ही हातांनी धरला हुतास. माझ्या सुनंनं, पिंकीनं एक कोपरा धरला हुता, वाऱ्यानं उडतुया म्हणून. काय म्हणाला हुतास? म्हण परत.

प्रबुद्ध : आत्या...

मुक्ताबाई : तुझ्या तोंडानं म्हण.

प्रबुद्ध : म्हणालो होतो, दिग्विजयदादा प्लॉट पाडतायत त्या ‘नंदनवन पार्क’चा रस्ता सरळ आपल्या वस्तीच्या तोंडाशी येणार. आता कुणाला ओढ्यातनं जावं लागणार नाही.

मुक्ताबाई : टाळ्या वाजवल्या आमी. शेजारच्या आकारामनं तर तुला उचलून घेतलं. आपला पोरगा नकाशं काढतुया, आपल्या पोरानं रस्ता आणला! पिंकीला दिवस गेलेलं, ती म्हणाली, आत्ती, ह्या खेपंला बाजंवर न्यायला नको मला. रिक्षा दारात यील.

प्रबुद्ध : तेव्हा नकाशा तसाच होता. शपथ घेऊन सांगतो. मी काढलेला रस्ता हद्दीला टेकलेला होता.

मुक्ताबाई : मग आखडला कवा?

प्रबुद्ध : नंतर.

मुक्ताबाई : नंतर म्हंजे कवा?

प्रबुद्ध : मे महिन्यात.

मुक्ताबाई : कुणी आखडला?

प्रबुद्ध : दिग्विजयदादांनी सांगितलं. प्लॉट बघायला लोक यायची, नकाशावर बोट ठेवून विचारायची, हा रस्ता पुढं कुठं जातो? पुढं वस्ती आहे म्हटलं की चहा न घेताच...

मुक्ताबाई : बास. त्ये फुडलं मला ठावं हाय, माझी हाडं झिजली त्यात. मी इचारलं, आखडला कुणी. सांगितलं कुणी ते न्हाई इचारलं.

प्रबुद्ध : मी.

मुक्ताबाई : मोठ्यानं.

प्रबुद्ध : मी आखडला. माझ्या हातानं. रस्ता आणि हद्द, मध्ये एक फुटाची पट्टी ठेवली. ती दादांच्या आईच्या नावावर राहणार. उद्या सगळे प्लॉट विकले, रस्ता सगळ्यांचा झाला, तरी ती पट्टी त्यांची. तिच्यावर भिंत बांधली तर कुणी काय म्हणू शकत नाही. बारीक रेघ असती. प्रिंट काढली की हद्दीच्या रेघंत मिसळून जाती, दिसत पण नाही.

मुक्ताबाई : म्हंजे रस्ता सगळ्यांचा, आन आमी सगळ्यांत न्हाई.

प्रबुद्ध : मला वाटलं होतं, मंजुरी येईपर्यंत मी दादांना समजावीन. दोनदा बोललो पण. म्हणून वस्तीत काय सांगितलं नाही. उगं लोकांचा जीव...

मुक्ताबाई : लोकांचा जीव! लोकांनी काय केलं ते ठावं हाय का तुला? गावानं गौरी बोळवल्या आन दुसऱ्या दिशी आमी अंगणं मोडली. तुझ्या रस्त्याला रस्ता जुळावा म्हणून, तीस फूट मोजून. आकारामनं न्हाणी पाडली. मी शेरडांचं खोपाट काढलं, शेरडं आता माझ्या चुलीपाशी निजत्यात. कुणी सांगितलं न्हवतं आमाला. आपल्या पोरानं आणलेला रस्ता आपल्या दारात येऊन अडाय नको, येवढंच.

प्रबुद्ध : मला माहीत आहे.

मुक्ताबाई : आन शालूबाईनं तर लिंब तोडला. पत्र्याचं घर तिचं, उन्हाळ्यात भाकरी भाजाय तव्याची गरज न्हाई. तेवढीच सावली हुती. कुऱ्हाड लावली तवा घरात जाऊन बसली, दार लावून... थांब. तुला माहीत हाय म्हणालास. कुणी सांगितलं?

प्रबुद्ध : कुणी नाही.

मुक्ताबाई : मग?

प्रबुद्ध : त्या दिवशी मी इथंच होतो. हद्दीचं काम चाललं होतं.

मुक्ताबाई : तीन पायांची दुर्बीण लावून.

प्रबुद्ध : हो.

मुक्ताबाई : त्या दुर्बिणीतनं लांबचं दिसतं नव्हं?

प्रबुद्ध : दिसतं.

मुक्ताबाई : दिसलं तुला?

प्रबुद्ध : ...दिसलं.

मुक्ताबाई : लिंब पडताना?

प्रबुद्ध : पहिल्या घावापासनं.

मुक्ताबाई : आन तवा ही रेघ मारून तुला चार म्हयनं झालं हुतं! वरडला असतास तरी ऐकू आलं असतं रं! हितनं तितं! नुसतं ‘थांबा’ म्हणायचं हुतं! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणत्यात, त्ये माझ्याच घरात निघावं? तुझी आई गेल्यावर ह्या डोक्यावर तुझी पुस्तकं आन ह्या खांद्यावर तू, असा ओढा वलांडलाय मी. ह्याच्यासाठी?

प्रबुद्ध : मार मला. पण असं नको बोलू.

मुक्ताबाई : मारून शालूबाईचा लिंब उभा ऱ्हातूय व्हय?

(पांढरी मोठी गाडी फक्कीनं आखलेल्या दोन रेघांमधून, अजून न झालेल्या रस्त्यावरूनच, सरळ आत आली. तिचा आवाज प्रबुद्धला पाठमोराही ओळखू यायचा. एरवी तो ऐकला की त्याचा हात आपसूक खिशातल्या पेनाकडे जायचा. आज हात नुसते लोंबत राहिले आणि त्यांचं काय करावं हे त्याला कळेना.)

दिग्विजय : काय रे, काय गोंधळ आहे? गेटपर्यंत आवाज येतोय. मोजणीवाले निघालेत तिकडनं, अर्ध्या तासात पोचतील. आणि ह्या मावशी कोण? खुंटी घेऊन काय उभ्यात?

प्रबुद्ध : माझी आत्या आहे, दादा.

दिग्विजय : अरे वा! मग घरच्याच की. बसा मावशी, गाडीत पाणी आहे थंड. ए, बाटली आण रे.

मुक्ताबाई : पानी पिऊन आलीया मी. दादा, ह्यो रस्ता एक पाऊल आदी का थांबला तेवढं सांगा.

दिग्विजय : हे बघा मावशी, असं इमोशनल होऊन चालत नाही. जागा माझी आहे. माझ्या जागेत मी एक फूट सोडला काय आणि दहा सोडले काय. आणि मी एकटा करतो का? सगळीकडं असंच चालतंय.

मुक्ताबाई : सगळीकडं हाय म्हणून तर इचारतीया.

दिग्विजय : माझं काही वस्तीशी वाकडं नाही. तुमच्या जयंतीला दरवर्षी मंडप माझा असतो, विचारा ह्याला. पण गिऱ्हाईकाला सिक्युरिटी लागते. चारी बाजूंनी भिंत, पुढं कमान, एकच गेट. लोक आता असंच मागतात. बरं, तुमच्यासाठी एक करतो. भिंतीत छोटं गेट ठेवू. माणूस चालत जाईल एवढं. झालं?

मुक्ताबाई : बाज जाईल का त्यातनं?

दिग्विजय : काय?

मुक्ताबाई : बाळंतिणीची बाज. चार माणसं धरत्यात तिला. आडवी न्यावी लागती.

दिग्विजय : तेवढी रुंदी... बघू की. पण रात्री दहाला बंद राहील, आधीच सांगतो.

मुक्ताबाई : किल्ली कुणाकडं?

दिग्विजय : वॉचमनकडं. आणखी कुणाकडं?

मुक्ताबाई : म्हंजे पोरीला कळा आल्या की आदी वॉचमनला हाका मारायच्या. त्यो उठला तर नातू व्हनार, न्हाई उठला तर... राहू द्या तुमचं गेट, दादा. ओढा बरा त्यापरीस. त्यो निदान कुलूप लावत न्हाई.

दिग्विजय : प्रबुद्ध, आवर ह्यांना. खुंटी घे आणि ठोक जागेवर. आणि तो मोजणीचा नकाशा काढ, तुझी सही राहिलीय त्याच्यावर. ते आले की लगेच पुढं सरकवायचाय.

प्रबुद्ध : मी सही करणार नाही.

दिग्विजय : काय म्हणालास?

प्रबुद्ध : सही करणार नाही. रस्ता हद्दीला टेकवा, मग करतो.

दिग्विजय : अरे, डोकं फिरलं का? मेमध्ये तूच काढलीस ना ती लाईन? मी काय तुझ्या बोटाला धरून काढून घेतली?

प्रबुद्ध : नाही. मीच काढली. तुम्ही म्हणालात आणि मी काढली. तुम्ही म्हणालात, ‘तू काय आता त्यांच्यातला राहिलास होय’, आणि मला ते बरं वाटलं. लाज वाटायला पाहिजे होती, बरं वाटलं.

दिग्विजय : मी कौतुकानं म्हणालो होतो!

प्रबुद्ध : तेच तर! सहा महिने मी त्या कौतुकावर फुगून फिरलो. तुमच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून. माझी माणसं झाडं तोडत होती आणि मी इथं अँगल वाचत होतो!

दिग्विजय : आवाज खाली कर. सही करणारे तुझ्यासारखे पन्नास मिळतात मला. दुपारपर्यंत दुसरा उभा करतो.

प्रबुद्ध : करा. पण एप्रिलचा नकाशा मी स्वतः सरकारी ऑफिसात दिलाय. त्यात रस्ता हद्दीपर्यंत आहे. त्याची पोच माझ्याकडं आहे, शिक्क्यासकट. दोन्ही नकाशे शेजारी लावून मी अर्ज टाकणार. मागच्या जमिनीला वाट ठेवायची असती, ती कशी बुजवली, ते लिहिणार. कुणी बुजवली, ते पण.

दिग्विजय : मग तुझं पण नाव येईल.

प्रबुद्ध : पहिलं माझंच घालतो.

दिग्विजय : इस्लामपुरात काय, पार सांगलीपर्यंत एक बिल्डर तुला दारात उभा करणार नाही. कळतंय का? बायको-पोरं काय खाणार?

प्रबुद्ध : ते माझं मी बघीन.

दिग्विजय : बघ की. आत्ता माझ्या जागेतनं बाहेर हो. दोघंही. आणि गेटनं नाही, मोजणीवाल्यांच्या समोर तमाशा नको मला. तुझी मोटारसायकल नंतर पाठवतो कुणाबरोबर. मावशी, ती खुंटी टाका खाली.

मुक्ताबाई : ही न्हाई टाकत. आमच्या पोरी इचारतील, आत्ती, रस्ता येणार हुता त्यो कुठवर आला? तवा दाखवायला हुईल.

दिग्विजय : न्या! शंभर खुंट्या आहेत माझ्याकडं!

मुक्ताबाई : आसू देत. गेला... गाडी वळवाय बी मागंफुडं करावी लागली न्हाई त्याला. येवढा रुंद रस्ता.

प्रबुद्ध : आत्या.

मुक्ताबाई : काय हाय?

प्रबुद्ध : अर्ज केला म्हणून रस्ता मिळंलच असं नाही. वर्ष जाईल. दोन जातील. त्याच्या आत भिंत उभी राहील.

मुक्ताबाई : ठावं हाय मला.

प्रबुद्ध : पिंकीचे दिवस कधी भरतायत?

मुक्ताबाई : दिवाळीच्या आगंमागं. आकारामला सांगून बाज आवळून घेतलीया. कशापायी, ते तिला अजून सांगितलं न्हाई.

प्रबुद्ध : मला माफ कर.

मुक्ताबाई : न्हाई करत. अजून न्हाई. त्याच्यावर वरडलास म्हंजे माझं फिटलं असं समजू नगंस. चल.

प्रबुद्ध : कुठं?

मुक्ताबाई : वस्तीत. कुठं म्हंजे? जयंती झाल्यापासनं वस्तीच्या कडंला येऊन खुंट्या ठोकतुयास, आत पाय न्हाई टाकलास. दगड वलांड. एकच पाऊल हाय, मोजलंय मी.

प्रबुद्ध : आधी तुझ्याकडं जाऊ या.

मुक्ताबाई : माझ्याकडं नगं. आदी शालूबाईकडं. आता घरात बसवत न्हाई तिला, त्या बुंध्यावरच बसलेली असती.

प्रबुद्ध : तिला काय सांगू मी?

मुक्ताबाई : तोडताना बघत हुतो म्हणून सांग. तितनं सुरुवात कर.