देवीच्या चेहऱ्याचा साचा

(नांदेड. दसरा नुकताच झालेला, दुपारची वेळ. शिवकन्याच्या स्वयंपाकघरात फरशीवर मेणबत्त्यांचे साचे मांडलेले. गॅसवर पातेल्यात मेण वितळत आहे.)

मलिका : बरं, मग कमळ घे. पाकळ्या जाड आहेत, काढताना तुटणार नाहीत.

शिवकन्या : कमळावर लक्ष्मी बसते. नको.

मलिका : हत्ती?

शिवकन्या : गणपती म्हणतील.

मलिका : हे घुबड बघ, किती गोड आहे.

शिवकन्या : तेही लक्ष्मीचंच वाहन.

मलिका : अगं, मग वांगी-बटाटे ओतायचे का? दिवाळीच्या ऑर्डरी घेऊन बसलोय आपण.

शिवकन्या : सरळ नळकांडी घेऊ, ॲल्युमिनियमची. त्यात कुणाला काही दिसणार नाही.

मलिका : तसली मेणबत्ती किराणा दुकानात मिळते. आपल्याकडून कोण घेईल? बीएस्सीला ॲसिड सांडवलं होतंस, तेव्हाही एवढी घाबरली नव्हतीस.

शिवकन्या : तेव्हा टेबल जळलं होतं. या वेळी देवीचं कपाळ.

मलिका : मी नको म्हटलं होतं. चेहऱ्याची मेणबत्ती केली की वात डोक्यातच लागणार.

शिवकन्या : म्हणाली होतीस. मला वाटलं, बाहेरून कठीण मेणाचा थर दिला की चेहरा शाबूत राहील. फक्त आतून उजेड येईल.

मलिका : आणि एक जाळून बघितली नाहीस. कॉलेजात आधी ट्रायल, आधी ट्रायल म्हणून माझा जीव खायचीस.

शिवकन्या : जाळवली नाही गं. इतकी हुबेहूब निघाली होती. मग घटस्थापनेच्या आरतीला आईंनी हौसेनं लावली, आणि आरती संपायच्या आत डोळा गालावर उतरला. सगळ्या बायका बघत होत्या.

मलिका : ते ठाऊक आहे मला. दुसरंच विचारायचंय. आत्ता येताना तुझी शेजारीण गेटवर होती, वर्षाराणी. मी हसले, तिनं तोंड फिरवलं. माझ्यावर कशाचा राग आहे?

शिवकन्या : तिचा स्वभावच तसा आहे.

मलिका : दसऱ्याआधीही असंच झालं. देवघरातला मुखवटा तू काढलास, त्यावर रबर तू ओतलंस, साचा तू केलास. मी त्याला हातसुद्धा लावला नाही. हे घरी सांगितलंस ना?

शिवकन्या : सांगणार आहे.

मलिका : मग साचा कुणी केला असं वाटतंय त्यांना?

शिवकन्या : त्या दिवशी आईच म्हणाल्या, मलिकानं आणला असेल, तिला काय कळणार. बायकांनी ते धरलं.

मलिका : आणि तू?

शिवकन्या : मी काही बोलले नाही. गर्दी होती.

मलिका : गर्दी गेल्यावर?

शिवकन्या : हळू बोल. आई येतायत.

द्वारकाबाई : (शिवकन्याची सासू, आत येत) मलिका आली का? बरं झालं. तुलाच एक इचारायचं होतं, बाई.

मलिका : विचारा ना, मावशी.

द्वारकाबाई : तो देवीचा साचा कुठून आणला होता? मी रागं भरत न्हाई. तुमच्यात मूर्ती नसती, तुला काय ठाऊक असणार. नुस्तं कुठून आणला, तेवढं सांग.

मलिका : शिवकन्या, तू सांग ना.

शिवकन्या : आई, चहा ठेवू का?

द्वारकाबाई : चहा मागून.

मलिका : शिवकन्या.

शिवकन्या : थांब, मेण फार तापलंय. गॅस बारीक करते.

मलिका : खैर. माझंच चुकलं, मावशी.

द्वारकाबाई : तुझं? बरं. मग हे काय हाय, ते बी तूच सांग.

मलिका : रबर दिसतंय. पांढरं.

द्वारकाबाई : मुखवट्याच्या कानातून निघालं. नवरात्रात देव बसलेले, हलवता येत न्हाईत. आज घासायला घेतले तवा हाताला लागलं. माझ्या माहेरचा मुखवटा हाय तो, हिमायतनगरचा. घट बसायच्या आधी देव कुणी घासले होते, शिवकन्या?

शिवकन्या : मी.

द्वारकाबाई : मी तवा कुठं होते?

शिवकन्या : गावी.

द्वारकाबाई : देवीच्या तोंडावर रबर ओतताना हात कापला न्हाई, अन् आता तोंड उघडना.

शिवकन्या : आई, मी सांगणारच होते.

द्वारकाबाई : कवा? ही पोर माझ्यासमोर चुकलं म्हणून राहिली, तवा तू गॅस बारीक करून राहिली होतीस.

मलिका : मावशी, तुम्हाला ठाऊक होतं. मग मला कामून विचारलं?

द्वारकाबाई : हिच्या तोंडून ऐकायचं होतं. तुझ्यावर आलं तर तरी बोलंल, असं वाटलं.

मलिका : माझ्यावर आलेलंच होतं, मावशी. अख्खं नवरात्र.

द्वारकाबाई : हाव. अन् ते मीच पयल्यांदा बोलले, सगळ्या बायांमधी. चुकलं बाई माझं.

शिवकन्या : मलिका, बस ना जरा.

मलिका : नको. साचे इथंच ठेवते. तुला पाहिजे तो ठरव.

शिवकन्या : ऐक तर. मी सगळ्यांना सांगते, आजच. वर्षाराणी अजून गेटवरच असेल, तिच्यापासून सुरुवात करते. चल, तुझ्यासमोर सांगते.

मलिका : मला आधी जाऊ दे. तू मागून ये.

शिवकन्या : का?

मलिका : तिथंही गप्प बसलीस, तर मला बघायचं नाही.