बाबांच्या नावाचं गटार

दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसलो होतो. शेजारी सुजलेल्या गालाची एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ.

"बाबांच्या नावाने बागेत बाकडं ठेवायचं ठरलं होतं ना?"

"ताई, ते पैसे मी एका संस्थेला द्यायचे म्हणतोय. ते गटाराचं पाणी तपासतात."

"गटाराला देणगी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"अगं, नवी साथ आली की जंतू आधी तिथे सापडतो. दवाखाने भरायच्या आत कळतं. बाबा ज्या साथीत गेले, तेव्हा असं कळलं असतं तर?"

"आणि साथ आलीच नाही तर?"

"तर उत्तमच की!"

"म्हणजे पैसे देऊन दिसणार काहीच नाही. बाकडं निदान दिसतं तरी."

"बाबांना कधी बाकड्यावर बसलेलं पाहिलंयस?"

"छे! जन्मभर लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करत हिंडले."

"मग?"

"बरं बाबा, दे. पण त्यांच्या नावाची पाटी तरी लावतील ना?"

"कुठे, गटाराच्या झाकणावर? लोक तुडवत जातील, आणि बाबा वरून शिव्या घालतील."

"घालू देत. ते गेल्यापासून घरात कुणी धड शिवी दिलेली नाही."