हंगेरीतली द्राक्षबाग

अहो, बर्फाचं कौतुक मला नका सांगू! हंगेरीतल्या शाळेत मी गणित शिकवायचे, तेव्हाची गोष्ट. नाताळच्या सुट्टीत सोबतची शिक्षिका कातालिन मला तिच्या गावी घेऊन गेली. बघते तर घरामागे द्राक्षबाग. पान नाही, घड नाही, वर वीतभर बर्फ!

मी पडले दिंडोरीची. आमच्या बागा डिसेंबरात घडांनी लगडलेल्या असतात. नुसता गारठा वाढला तरी माझे वडील, अण्णा, बागेत शेकोट्या पेटवतात. कातालिनच्या वडिलांचा हात धरून मी म्हटलं, "काका, धीर धरा. सगळी बाग गेली हो!"

कातालिनने भाषांतर केलं. काका आधी दचकले, मग पोट धरून हसले. म्हणाले, "वेली झोपल्यात. वसंतात उठतील."

अशी लाजले! म्हटलं, निदान अण्णांना तरी हसवू. घरी फोन लावून सगळं सांगितलं. अण्णा हसलेच नाहीत.

"झोपल्यात म्हणतो?" ते हळूच म्हणाले. "बिचाऱ्याच्या डोक्यावर लय परिणाम झालाय. त्याला एकटं सोडू नका. अन् आधी तलाठ्याला बोलवून पंचनामा करून घ्या."