वेगळा निघालेला देश

आम्ही मूळचे कुठले ते माझ्या आजेसासूलाही ठाऊक नव्हतं, कुणी तंजावरकडचे म्हणतं, कुणी साताऱ्याकडचे, पण कित्येक पिढ्या बंगळूरच्याच, घरात मराठी, दारात कन्नड, आणि मराठी बोलतानाही स्वल्प थांब, सरी सरी, असं तोंडात येतंच. बनशंकरीला दोन खोल्या आहेत, मंजुळाचे वडील गेल्यापासून मी साड्यांना फॉल लावते. शाळा चौथीपर्यंत. चार माणसांत बोलायला मी आधीपासून भिते, तुम्ही जवळच्या म्हणून सांगते, लिहा, पण आमचं आडनाव घालू नका.

काय सांगू तुम्हाला, मंजुळा माझी एकुलती एक, तिचं स्थळ शेजारच्या अक्कांनी आणलं, त्यांचा गोव्याचा भाचा, दामोदर. इंग्लंडात गोदामात खोकी भरायचं काम. मी म्हटलं गोव्याचा मुलगा तिकडे कसा, तर अक्का म्हणाल्या, त्याचे वडील पोर्तुगीज राज्यात जन्मले, त्या जन्मनोंदीवर मुलाला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला, आणि पोर्तुगाल नि इंग्लंड तेव्हा युरोपातल्या देशांच्या एकाच संघात, एका घरातल्या भावांसारखे, एकाचा माणूस दुसऱ्याकडे जाऊन काम करू शकायचा. मग इंग्लंडच्या लोकांना विचारलं, एकत्र राहायचं की वेगळं निघायचं, आणि थोड्याच जास्त मतांनी वेगळं निघायचं ठरलं. दामोदरनं हे काही लपवलं नाही हो. साखरपुड्यालाच म्हणाला, मी आधीपासून तिथं आहे, मला कुणी घालवत नाही, पण वेगळं निघण्याचे नियम या वर्षअखेरीला लागू होतात, त्याच्या आत लग्न झालं तर बायको माझ्यामागून सहज येईल, नंतर झालं तर ते माझा पगार बघतील, आणि खोकी भरणाऱ्याचा पगार त्यांच्या हिशेबात बसत नाही.

ते वर्ष कसलं ते तुम्हाला आठवत असेल, कोरोनानं सगळं बंद, त्यात अधिक महिना लागला. दामोदर म्हणाला, आमच्या गोव्यात आधी सरकारी सही होते आणि मग अक्षता, तर सही तेवढी करून ठेवू, लग्न सावकाश करा. आमचे थोरले दीर अण्णा, घरात त्यांचाच शब्द, ते म्हणाले, अक्षतांच्या आधी सही केली तर पोरगी या घरची का त्या घरची, आणि अधिक महिन्यात तर मी कागदाला हात लावू देणार नाही. अक्का म्हणाल्या, अण्णा, तुमचं पंचांग इंग्लंडला पाठवा, बघून मुदत वाढवून देतील. सगळे हसले. मीसुद्धा हसले. पुढे तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला तर अण्णाच तापानं पडले, कन्यादान त्यांच्याशिवाय कोण करणार, म्हणून नवीन वर्षात लग्न केलं. चांगलं झालं लग्न. मुदत तेवढी संपली होती.

आता दामोदर वर्षातून एकदा येतो, महिनाभर राहतो, जातो. माझी नात तन्वी, तिला बाप म्हणजे रविवारचा फोन. आणि दर रविवारी तो सांगतो, इथल्या लोकांना आता विचारतात, तर बरेच जण म्हणतात वेगळं निघालो ती चूक झाली, मत बदलतंय. मंजुळा म्हणते, मत बदललं म्हणून दार उघडतं का. तो म्हणतो, पुन्हा कधीतरी विचारतील. कधी, तर ते त्याला ठाऊक नाही. पोर्तुगालला जाऊ म्हणतो, मग आपणच म्हणतो, भाषा येत नाही, काम कोण देणार. ती म्हणते, इथं ये. तो म्हणतो, तिथं येऊनही लोकांच्या घरी सामानाच्या पिशव्याच पोचवायच्या ना, तुमच्या तिथल्या एचएसआर भागात बघितलीत मी ती पोरं, दुपारी गाडीवरच झोपलेली.

मी त्या इंग्लंडच्या लोकांना वाईट म्हणत नाही. मत देताना त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची घरं असतील, बनशंकरीची मंजुळा कुठून असणार. पण रविवार आला की मला धडधडतं, आज तिथं किती जणांचं मत बदललं, जसं काही आमच्याच घरचं लग्न मोडायचं का ठेवायचं ते तिकडे कुणी ठरवतंय.

गेल्या रविवारी मंजुळा त्याला म्हणाली, तन्वीला मी इथल्या शाळेत घालते, मीही कायमची नोकरी धरते, तू यायचं तर ये, आता मी थांबत नाही.  तो म्हणाला, आईकडे फोन दे. मला म्हणाला, आई, तुम्ही सांगा, मी सगळं सोडून यावं का तिनं अजून थोडं थांबावं, तुमचं काय मत आहे.

मंजुळा माझ्या तोंडाकडे बघत होती. या म्हणावं आणि इथं काम नाही मिळालं तर, थांबा म्हणावं आणि पोर अशीच मोठी झाली तर.  मी म्हटलं, जेवलात का तुम्ही. तो म्हणाला, हो आई, जेवलो. मंजुळानं माझ्या हातून फोन घेतला आणि बंद केला.

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. उद्या रविवार. तुमची माणसं तुमच्या पानाला पान लावून जेवत राहोत, मला दुसरं काही सुचत नाही.