शिरगावच्या दारांवरची पाटी

आदरणीय अध्यक्ष शेठ हासोमलजी, अंबरनाथच्या कारखान्यातून आलेले प्रमुख पाहुणे चिंतामणराव गुप्ते, व्यासपीठावरील मान्यवर, घरदुरुस्ती मंडळाचे सभासद आणि उल्हासनगर-बदलापूरच्या बंधुभगिनींनो,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. सात वर्षं मंडळाचा चिटणीस होतो, आता दुसऱ्या शाळेत बदली झाली; निरोपाला गोड बोलून खाली बसावं ही रीत. पण मास्तराला बोलायला उभं केलंत, आता ऐकून घ्या.

शेठजी स्वतः निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीत राहत होते, तरी त्यांनी व्यापाऱ्यांकडून कौलं मिळवून दिली. कारखान्यातल्या मंडळींनी लाकूड दिलं, गावकऱ्यांनी अंगमेहनत. शिरगावात अकरा घरं शाकारली. हे सगळं खरं आहे आणि मोठं आहे.

देणाऱ्यांचं नाव राहावं म्हणून प्रत्येक दारावर पाटी लावायची, ही सूचना माझी. मजकूरही माझाच. वर घरमालकाचं नाव, खाली ‘या निराधार कुटुंबास मंडळाच्या दानातून’. अक्षर वळणदार, सगळ्यांनी वाखाणलं. जन्मभर पोरांना वाचायला शिकवणाऱ्याला एवढं कळू नये, की दारावरची पाटी येणारा-जाणारा वाचतो?

शिरगावच्या कौसाबाई विधवा. परक्याच्या शेतात लावणी केली, गवताचे भारे वाहिले, पण कुणापुढे हात पसरला नाही. मंडळाकडेही त्या आल्या नव्हत्या, आम्हीच गेलो होतो. पाटी ठोकताना त्यांनी विचारलं, “मास्तर, काय लिवलंय?” मी म्हटलं, “तुमचं नाव आहे.” नाव होतंच की वर. त्यांची लेक बकुळा दर मंगळवारी त्या पाटीला हळदकुंकू वाहू लागली. मी येता-जाता ते बघायचो आणि गप्प राहायचो.

बकुळाची सुपारी फुटली होती. मुलाकडची माणसं लग्नाची तारीख धरायला आली. मुलाचा मामा चार बुकं शिकलेला. तो दारातच थांबला आणि पाटी मोठ्याने वाचली. ‘दानावर जगणाऱ्या घरची पोर आम्हाला नको,’ म्हणाला. चहा चुलीवरच राहिला आणि मंडळी परत गेली.

मी हातोडी घेऊन धावलो. पाटी काढली. कौसाबाई ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, “आता कौला पन काढून न्या, मास्तर. घर गलत व्हता तवा माझे पोरीला मागनी येत व्हती.”

याला तीन वर्षं झाली. त्या दारात परत कुणी आलं नाही. उरलेल्या दहा पाट्या उतरवण्याचा ठराव मी दोनदा मांडला. याच व्यासपीठावरच्या मंडळींनी तो दोनदा नामंजूर केला, आणि तरीही मी चिटणीस राहिलो. लाज वाटते.

आता आभार. शेठजींचे, चिंतामणरावांचे, कौलं चढवणाऱ्या प्रत्येक हाताचे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभेने सांभाळून घ्यावं, असं म्हणतात. पण सभेचं मी काही बिघडवलेलं नाही.

कार्यक्रमपत्रिकेत पुढे छापलंय, कौसाबाईंच्या हस्ते चिटणीसांना हार. बोलावलं की जावं लागतं, असं समजून त्या येऊन तिसऱ्या रांगेत बसल्यात. आणि आत्ताही, त्यांना न विचारता, त्यांच्या घरची गोष्ट मी भरसभेत वाचून दाखवली. माझी खोड जात नाही.

चिंतामणराव, तो हार तबकातच राहू द्या. बाई, तुम्ही उठू नका.